पट्टी भरेपर्यंत

तिच्या वडिलांचा सगळा जन्म क्रेनवर गेला. लोखंडी मालाच्या कारखान्यात छताला लागून एक काचेची खोली होती. तिथं बसून ते कळ दाबायचे आणि खाली उभ्या असलेल्या माणसांवर ओरडायचे. मशिनांच्या आवाजात हळू बोललेलं कुणाला ऐकू जाणार? त्यामुळं घरी आल्यावरही त्यांचा आवाज खाली उतरला नाही. मीठ मागायचं असलं तरी शेजाऱ्यांना कळायचं की आज या घरातलं कालवण अळणी झालंय.

एवढ्या उंचीवर आयुष्य काढलेला माणूस पडला तो न्हाणीघरातल्या वीतभर पायरीवरून. खुबा मोडला तो मोडलाच. तेव्हापासून खिडकीजवळची खाट, पाठीशी तीन उश्या आणि तोंड. तोंडाला मात्र काही झालं नव्हतं.

मुलीला ते ठकी म्हणत. ठकी चाळिशी ओलांडलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून चौकटीच्या मापाला काचा घासायचं काम करायची. संध्याकाळी घरी आली की वडिलांच्या पायांना तेल लावायची आणि वडील दिवसभर साठवलेलं बोलून घ्यायचे.

"तो डॉक्टर माझी नाडी धरतो आणि घड्याळ बघतो. माझी वेळ भरत आली का त्याची, तेच कळत नाही."

"ही उशी आहे का सासरची माणसं? कुठूनही टेका, टोचतेच."

एकदा दुकानाच्या मालकाबद्दल ती कुरकुरली, तर म्हणाले, "उंचावर बसलं की खालच्यांची टकलं दिसतात गं, डोकी दिसत नाहीत. मी बसलोय, मला विचार."

हे वाऱ्यावर जाऊ नये असं ठकीला वाटलं. तिनं 'क्रेनवरून' नावाचा ब्लॉग काढला. रोज वडिलांचं एखादं बोलणं, जसंच्या तसं, आणि ते कशावरून निघालं याच्या चार ओळी. वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातलं एक बोट तिचं स्वतःचं.

दुकानात काउंटरवर एक पोरगी होती. तिचाही ब्लॉग होता, नखं रंगवण्याचा. तिनं ठकीच्या वाचकांचा आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. "ताई, असं कोण येणार आपणहून? तुम्ही देवाणघेवाणीत या." मग तिनं सगळं समजावलं. एक साइट असते. आपण तिथून दुसऱ्यांचे ब्लॉग उघडायचे. पानाच्या माथ्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत जाते. ती भरली की दोन सारखी चित्रं ओळखून दाबायची, म्हणजे आपण माणूस आहोत हे पटतं. एक गुण मिळतो. जितके गुण, तितक्या वेळा आपला ब्लॉग दुसऱ्यांपुढं उघडतो. "फुकट आहे ताई, नुसता वेळ द्यायचा."

नुसता वेळ! ठकीनं दिला.

आठवडाभरात आकडा असा चढला की तिला आधी यंत्रच बिघडलंय असं वाटलं. खाली अभिप्रायही येऊ लागले. 'छान लिहिता. माझ्याही ब्लॉगला भेट द्या.' वडिलांना ताप भरला म्हणून दवाखान्यात ठेवलं, तेव्हा तिनं तसं लिहिलं. त्याखालीही कुणी लिहिलं, 'मस्त! असेच लिहीत राहा.' ठकीला खटकलं. पण आकडा बघितला की खटकलेलं विरघळून जायचं. आपलं कुणी बघतंय, या गोष्टीची चव तिला उभ्या जन्मात पहिल्यांदाच कळत होती. तिला तरी कसा दोष द्यायचा?

आता संध्याकाळी एक हात तेलाचा आणि एक हात फोनचा. पट्टी भरली की चित्र दाबायचं, पुढचं पान उघडायचं. कुणाची सहल, कुणाच्या कविता, कुणाच्या मांजराचं आजारपण. वाचायला सवड नव्हती, पट्टीवर डोळा ठेवावा लागायचा.

"हातात काय धरलंयस? आरसा का?" वडील म्हणाले.

"हं."

"मी मेलो तरी हंच म्हणशील."

"हं, बाबा."

वडिलांनी तोंड खिडकीकडं केलं. पूर्वीची ठकी असती तर हे लगेच टिपून ठेवलं असतं. आताच्या ठकीला ते ऐकूच आलं नाही.

असं करता करता वडील बोलायचे कमी झाले. भिंतीशी कोण किती बोलणार? आणि इकडं नवं काही लिहिलं नाही की ब्लॉग साइटवरच्या रांगेत मागं पडायचा. एके दिवशी लिहायला काहीच नव्हतं, तेव्हा ठकीनं एक वाक्य स्वतःच बनवलं. काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक बनवलं. हळूहळू तिच्या ब्लॉगमधले वडील समजूतदार होऊ लागले, फुलांवर बोलू लागले, आयुष्याबद्दल गोड गोड सांगू लागले.

तिचा थोरला भाऊ दुसऱ्या गावी असायचा. आईच्या शेवटच्या दिवसांत तो बढतीच्या परीक्षेला गेला आणि पोचला तो सगळं उरकल्यावर. तेव्हा वडिलांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." तो निघून गेला. त्याला बरीच वर्षं झाली. घरात त्याचं नावही निघत नसे.

ठकीनं एका शनिवारी वडिलांच्या तोंडी घातलं, 'दाराची कडी वाजली की वाटतं, थोरला आला. त्याला कुणीतरी सांगा, मी आता रागावलेलो नाही.' लिहिताना तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. त्या दिवशी आकडा कधी नव्हे इतका वर गेला.

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात थोरला उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी, कानशिलं पांढरी झालेली. ठकीनं दार पुरतं उघडलं. तो तिच्या बाजूनं आत गेला आणि खाटेपाशी उभा राहिला.

"बाबा, आलो मी."

वडिलांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुणी बोलावलं तुला?"

"तुम्हीच म्हणालात ना." त्यानं खिशातून फोन काढला. "मी वाचलं बाबा. हे बघा." आणि शाळेत धडा वाचतात तसं, अडखळत, त्यानं ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. कडी, थोरला, राग नाही, सगळं.

वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं. "आपल्या दाराला कडी कुठंय?" ते म्हणाले. "बेल आहे. तूच वाजवलीस ना आता?"

थोरल्यानं फोन खिशात ठेवला.

"आणि इतकं गोड मी तुमच्या आईशीसुद्धा बोललो नाही कधी. हे माझं नाही." मग त्यांनी ठकीकडं पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण जन्मात पहिल्यांदा ते हळू बोलले, "माझ्या नावावर काय काय खपवलंस गं?"

फळांची पिशवी टेबलावर ठेवून थोरला बाहेर पडला. ठकी जिन्यात त्याच्या मागं धावली. "दादा, थांब. दादा, चुकलं माझं."

तो दोन पायऱ्या खाली थांबला. "फोनवर 'क्रेनवरून' हे नाव दिसलं, त्या पहिल्या दिवसापासून वाचत होतो मी. सकाळी कामाला लागायच्या आधी. वाचलं की बाबांचा आवाज कानात यायचा. शिव्या खाल्ल्यासारखं बरं वाटायचं." तो आणखी एक पायरी उतरला. "मधे सगळं मिळमिळीत झालं, तेव्हा वाटलं, म्हातारा थकला. म्हटलं, थकला असेल तर माफही केलं असेल."

"एकदा तरी खाली लिहायचंस ना, वाचतोय म्हणून!"

"कुठल्या तोंडानं लिहू?" तो म्हणाला आणि उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानात ठकीनं काउंटरवरच्या पोरीला विचारलं, "एवढे लोक येतात, त्यातलं माझं वाचतं कोण?"

पोरगी हसली. "वाचतंय कोण, ताई! सगळे पट्टी भरायची वाट बघतात. तुम्ही काय त्यांचं वाचत होतात होय?"

ठकीनं नाही म्हणून मान हलवली आणि मागच्या खोलीत जाऊन काच घासायला घेतली. इतक्या पानांवरून गेली होती ती, पण कुणाच्या मांजराचं पुढं काय झालं हे तिला सांगता आलं नसतं. ते मांजर ज्याचं होतं, तोही तिच्या वडिलांची खाट, खुबा, ताप हे असंच न बघता पुढं गेला असणार. हजारो माणसं एकमेकांच्या दारात पाय ठेवून लगेच परतत होती, आणि सगळ्यांची घरं रिकामी.

तिनं त्या साइटवरचं खातं बंद केलं. खोटं लिहिलेलं सगळं पुसलं. आकडा घसरला तो थेट तळाला. थोरल्याला तिनं फोन केले, त्यानं उचलले नाहीत. एकदा उचलला आणि "कामात आहे" म्हणून ठेवला.

आता संध्याकाळी ती दोन्ही हातांनी तेल लावते. फोन स्वयंपाकघरात असतो. वडील पाय पुढं करतात, दुखलं तर "इस्स" म्हणतात, बाकी काही नाही. एकदा तिनं आपण होऊन विचारलं, "बाबा, बोला की काहीतरी."

"कशाला? तुला येतं की माझं बोलणं."

दुपारी त्यांना मालिश करायला एक बाई येते. परवा दुकान लवकर सुटलं, तर ठकीला जिन्यातूनच त्यांचा आवाज ऐकू आला. पूर्वीसारखा, छतापासून खाली पडणारा. कुणा मुकादमाच्या धोतराची गोष्ट चालली होती. बाई हसून हसून म्हणत होती, "अगं बाई! मग? पुढं काय झालं?"

ठकी दाराबाहेरच उभी राहिली. शेवटही ऐकावा म्हणून तिनं श्वास रोखला. पण तिच्या पायाखालची फळी जराशी करकरली असेल, का आत तिची सावली पडली असेल.

"पुढं काही नाही," वडील म्हणाले. "मुलगी आली वाटतं. पाणी द्या जरा."