अर्धी दाढी

आमच्या येरमाळ्याच्या स्टँडाजवळचा कटिंगवाला लई कमी बोलतो. "मान वर, मामा. गाल फुगवा." एवढंच. गिऱ्हाईक कायबी बडबडू दे, ह्याचा वस्तरा थांबत न्हाय.

एकदाच थांबला, त्योबी माझ्याच गालावर.

लेकीला बघाया पाव्हणं येणार होतं, म्हणून दाढीला बसलो होतो. मागं बाकड्यावर गप्पा रंगल्या होत्या. एकानं भाजी अळणी झाली म्हणून बायकोला हाणली होती, दुसऱ्यानं फोन उचलला न्हाय म्हणून. सगळे हसले. म्हणलं, आपुनच मागं कशाला? दिलं ठोकून, "आपुन तर कारणबी बघत न्हाय!"

कटिंगवाल्यानं वस्तरा पुसून ठेवला. "उरलेली मामीकडून करून घ्या."

"आरं, पाव्हणं येतेत!"

"ते पाव्हणंबी कारण न बघणारं निघालं तर?"

माझा एक गाल चकाचक, दुसरा साबणात. शेवटी म्हणलं, "खोटं बोललो, बाबा. हात उचलायचं सोड, मला घरात दुसरा चहा मागायची हिंमत न्हाय."

बाकडं खदाखदा हसलं. अळणी भाजीवाला सगळ्यात मोठ्यानं. कटिंगवाल्यानं वस्तरा उचलला. "गाल फुगवा."

माझी दाढी झाल्यावर त्यानं खुर्ची झटकली आन् अळणी भाजीवाल्याकडं बघितलं. त्याचाच नंबर होता. त्यो वाढलेली दाढी खाजवत म्हणला, "आज ऱ्हाऊ दे," आन् चप्पल घालून निघून गेला.