सिस्टरांनी धरलेला गुरुवार

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालो, ताथवड्याला दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं, आता दोघांनी निवांत बसायचं म्हटलं, तर बायकोच्या स्तनात गाठ निघाली. जन्मभर दत्ताचे गुरुवार हिने केले, मी नुसता प्रसाद खाल्ला. मग दुखणं हिलाच का, असं मी देवळात हात जोडून सरळ विचारायचो. उत्तर मिळत नसे आणि माझा पारा आणखी चढत असे.

सुदैव एवढंच की उपचार पिंपरीतच मिळाले. पूर्वी कंपनीत आमच्या लाइनवर काम करणाऱ्या एका सोबत्याला याच दुखण्यासाठी मुंबई गाठावी लागली होती, आणि दुखण्यापेक्षा त्या वणवणीनेच तो जास्त खचला. आमच्या वेळेपर्यंत जवळच्या रुग्णालयात केमोचा वेगळा कक्ष सुरू झाला होता. सकाळी जायचं, सलाइन लावून घ्यायची, संध्याकाळी घरी परत. तिथली एक पद्धत मला फार आवडली. सलाइन लावण्याआधी सिस्टर स्टूल ओढून पेशंटजवळ बसायच्या आणि झोप, पोट, तोंडातले फोड, सगळं सावकाश विचारायच्या. आमच्या वाट्याला आलेल्या सिस्टर हिंगोलीकडच्या होत्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या आणि बोलायला मोकळ्या.

अडचण अशी की दर आठवड्याच्या केमोचा वार नेमका गुरुवार आला. बदलून मागितला, पण बाकीचे वार भरलेले होते. हिचा उपवास कडक, दिवसभर नुसतं पाणी आणि संध्याकाळी आरतीनंतर घास. ही रिकाम्या पोटी केमो घ्यायची, परतताना रिक्षात मान टाकायची आणि आरतीची वेळ होईपर्यंत अन्नाचा वासही सहन होत नसे. पुढचे दोन-तीन दिवस तसेच जात. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर उपचार मध्येच थांबवावे लागतील. मी रागावलो, विनवलं, मुलगी फोनवर रडली. हिचं एकच म्हणणं, आता दत्ताशिवाय मला कोण आहे, आणि आताच त्याचा वार मोडू? माझ्या डोळ्यांसमोर बायको चालली होती, तीही देवाच्याच नावाने.

एका गुरुवारी मी देवळात देवाला वाट्टेल ते बोलून आलो आणि हिला घेऊन रुग्णालयात गेलो. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, सकाळी काय खाल्लं? एरवी ही काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. त्या दिवशी मात्र खरं ते बोलली. आता चांगली खरडपट्टी निघणार असं मला वाटलं. सिस्टर रागावल्या नाहीत. हा उपवास कधीपासूनचा, कुणी लावून दिला, हे त्यांनी विचारलं. आईने, लग्नाच्या आधी, असं हिने सांगितलं.

“मावशी, आमच्याकडं आजारी माणसाचा उपास घरातलं दुसरं कुणीतरी धरतंय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरी कोण हाय?”

हिने माझ्याकडे पाहिलं आणि किती दिवसांनी हसली. मला साखर आहे, इन्सुलिन घेतो. आणि साखर नसती तरी भुकेच्या बाबतीत माझी काय लायकी आहे, हे तिला पक्कं ठाऊक. मुलीला नुकतंच बाळ झालेलं, तिला सांगायची सोय नव्हती.

“मग माझ्याकडं द्या.”

तुम्ही दिवसभर उभ्या असता, असं ही म्हणाली. त्यावर सिस्टर म्हणाल्या, मी दुपारी भगर खाईन, केळं खाईन, ड्यूटीवर चक्कर येऊन चालायचं नाही, देवाशी त्याचं मी बघते. आणि त्यांनी तळहात पुढे केला. हिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मग झाकण उघडलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि त्या तळहातावर पाणी सोडलं. सिस्टरांनी ते कपाळाला लावलं, हात धुऊन घेतले आणि मला म्हणाल्या, “काका, उघडा तुमचा डबा.”

डब्यात माझ्यासाठी घेतलेली पोळी आणि दोडक्याची भाजी होती. संसारात पहिल्यांदाच मी हिला गुरुवारी सकाळी जेवताना पाहिलं. मी बाहेरच्या बाकावर जाऊन रडून घेतलं. चमत्कार म्हणा, योगायोग म्हणा, मला वाद घालायचा नाही. माझा देवावरचा राग त्या बाकावरून उठताना माझ्याबरोबर आला नाही.

गंमत अशी की आता मला त्या गुरुवारांची आठवण येते. कंपनीच्या बसगाड्यांच्या गर्दीतून जाणारी आमची रिक्षा, मांडीवर दोघांचा डबा, दुपारी आपली भगरीची वाटी हिला लांबूनच दाखवणाऱ्या सिस्टर. वजन सावरलं, उपचार पुरे झाले. त्या दुखण्यात आम्ही जितके जवळ बसलो तितके चांगल्या दिवसांत कधी बसलो नव्हतो.

पुढे सिस्टरांची बदली चाकणकडच्या नव्या कक्षात झाली. नवीन मुलींना पेशंटजवळ स्टूल घेऊन बसायला त्या शिकवतात. डॉक्टरांनी हिला फळं-दूध घेऊन उपवास करायला हरकत नाही असं सांगितलं, तेव्हा आम्ही सिस्टरांना भेटायला गेलो. माझा गुरुवार परत द्या, ही म्हणाली. सिस्टर जरा संकोचल्या. तुमच्यानंतर आणखी एकीचा घेतलाय, म्हणाल्या, आता एकाच दिवसात दोघींचा होतो.

ही म्हणाली, “मग माझा राहू द्या तुमच्याकडं. तिचा मला द्या.”

सिस्टरांनी हिचे दोन्ही हात धरून ठेवले.

शरण जाणं म्हणजे काय, हे मला पोथीतून कधी कळलं नाही. आपलं ओझं निर्धास्तपणे दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि अंगात बळ आलं की कुणाचं तरी उचलायचं, एवढंच असावं. देवळात मी अजून जातो. मागणं काही उरलं नाही, नुसता उभा राहतो. ती दुसरी बाई कोण, कुठली, आम्ही विचारलं नाही. गुरुवारी सकाळी ही मला ताट वाढते, स्वतः दुधाचा पेला घेऊन समोर बसते आणि म्हणते, “आता ती जेवली असेल.”