रुवीतली मागची सीट

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर इथे मस्कतला, रुवीत टॅक्सीसाठी उभी होते... रडायचंच काय ते बाकी होतं.

आमच्या शेजारच्या फातिमाताई माझ्या सानिकाला शाळेनंतर सांभाळतात. मूळच्या रत्नागिरीच्या. आई अत्यवस्थ असल्याचा त्यांना सकाळी फोन आला आणि त्यांनी त्याच रात्रीचं तिकीट काढलं. माझा नवरा साइटवर, लांब सोहारला. म्हणजे मी अल् घुब्राला घरी पोचेपर्यंत त्यांना एअरपोर्टला निघताच येणार नव्हतं.

इथली टॅक्सी एरवी शेअरिंगवर चालते, आपल्या सीटचं भाडं आपण द्यायचं. पण ऑफिसं सुटायच्या वेळी मला बघून प्रत्येक ड्रायव्हरचं एकच... "एंगेज!" म्हणजे अख्ख्या गाडीचं भाडं. महिनाअखेर, पर्समध्ये तेवढे पैसे नव्हते. घरी गेल्यावर देते म्हटलं तर कोण ऐकतंय!

शेवटी एका म्हाताऱ्या ओमानी ड्रायव्हरवर भडकलेच. गर्दी दिसली की बायकांना लुटता का, म्हटलं. तो बिचारा शांतपणे हिंदीत म्हणाला, "मॅडम, तुम पीछे बैठेगा, तो बाजू में कोई आदमी नहीं बैठेगा. पूरा पीछे खलास."

खरंच की! इथे परक्या बाईशेजारी पुरुष बसत नाहीत. मी एकटी चढले की मागची सगळी सीट अडते. इतकी वर्षं ही रीत सोयीची वाटायची... गर्दीच्या वेळी तिचं भाडं मीच भरते, हे कधी डोक्यातच आलं नाही.

जरा पलीकडे दोघी उभ्या होत्या. एक मल्याळी नर्स, एक फिलिपिनो सलूनवाली. रोज दिसायच्या, रोज आपापल्या टॅक्सीवाल्याशी वाद घालायच्या. मी सरळ जाऊन हातच धरले त्यांचे. "घुब्रा साइड? कम, कम!"

तिघी मागे, पुढे एक पुरुष पॅसेंजर. गाडी भरली. म्हातारा हसून म्हणाला, "यल्ला!" म्हणजे चला!

वाटेत नर्सबाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. मलाही नाव विचारण्याइतका जीव उरला नव्हता.

दारात फातिमाताई बॅग घेऊनच उभ्या. "आलीस गं बाई!" एवढंच म्हणाल्या, सानिकाचा पापा घेतला आणि पळाल्या.

काल ऑफिसात त्यांचा मेसेज आला. "आईने ओळखलं. नावाने हाक मारली मला. पहाटे गेली."

वॉशरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले... टॅक्सीतल्या त्या दोघींना हे सांगायलाच हवं. उद्या भेटल्या की आधी नावं विचारणार आहे.