कोरड्यास काय करू?

मंडळी, दुपारपासून एक शब्द माझ्या जिभेवर विरघळतोय.

आज सुट्टी. स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून लेकीला घेऊन आमच्या लातूरच्या गल्लीतल्या नव्या खानावळीत पार्सल आणायला गेले. खानावळवाल्या काकू रेणापूरकडच्या. मी विचारलं, "ग्रेव्हीत काय आहे?"

"कोरड्यास म्हंता का? येसराची आमटी हाय."

लेक माझ्या कानात पुटपुटली, "आई, कोरडं नको ना, मला रसा पाहिजे."

काकूंनी ऐकलंच. हसल्या. "आगं लेकरा, कोरड्या भाकरीस लागतंय म्हणून कोरड्यास. रसाच हाय की त्यो!"

त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं. येसराच्या मसाल्यातल्या भाजलेल्या डाळींचा, खोबऱ्याचा वास आला, माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि त्या धुक्यात मला आई दिसली. चुलीपुढं बसून रोज विचारायची, "कोरड्यास काय करू गं?" मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणायचे, "कायबी कर."

आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मला हे कुणी विचारलेलंच नाही.

घरी येऊन आमटीत भाकरी कुस्करून जेवलो. अजून बोटांना तो वास आहे.

आत्ता संध्याकाळी माझ्याच तोंडून निघालं, "कोरड्यास काय करू गं?"

लेक मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "काहीपण कर."

तुमच्या घरी हे कोण विचारतं? आज त्यांना भाजीचं नाव सांगा.