‘ला’ आणि ‘ले’

परका माणूस ओळखण्यात माझ्या मामांचा हात धरणारा अकोल्याच्या जठारपेठेत कोणी नाही, आणि ओळखल्यावर त्याला छळण्यातही नाही. समोरचा वऱ्हाडीत ‘मले’ म्हणाला की आपला, ‘मला’ म्हणाला की परका. चेहरा, आडनाव, नोकरी यांच्याशी देणंघेणं नाही. हा वारसा म्हणे खापरपणजोबांचा. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस अडला, इकडे अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईच्या दलालांच्या झुंडी बाजारात उतरल्या. खापरपणजोबा गाडीवर बसून नुसतं त्यांचं बोलणं ऐकत आणि ‘ला’ कानावर पडताच भाव वाढवत. मी इंग्रजी शाळेतली, त्यातून लाजाळू. मामांसमोर ‘मला’ टाळता टाळता मी बोलणंच टाळू लागले.

मामा कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, तेही बाजाराच्या भाषेत. “रक्तातली एक पेशी परक्याले गिळते अन् त्याचा तुकडा अंगावर मिरवते, दलाल तळहातावर कापसाचा नमुना दाखवते तसा. दुसऱ्या पेशी तो चाचपून पायतात. आपला नसला की हल्ला. अन् काही पेशी त्याले जन्मभर ध्यानात ठेवतात.” ध्यानात ठेवण्याचं काम मामांनाही झकास जमे. मामी पुण्याची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आल्यागेल्याला तिची ओळख करून देताना ते म्हणत, “ह्या पुण्याच्या पाहुण्या. चार दिवस रायतीन.” मामी शांतपणे आमटीत गूळ टाकत राही.

मग मामांच्या दोन्ही किडन्या बसल्या, आणि जुळली ती नेमकी मामीची. बसवल्यावर काही आठवड्यांनी मामांना ताप भरला. पेशींनी परकं ओळखलं होतं. डॉक्टर म्हणाले, औषध वाढवून पाहू, नाहीतर ही किडनी जाईल.

मामा पोटात बसवलेल्या किडनीवर हात ठेवून पडले होते. “जन्मभर मीच शिकवलं ह्या पेशीयले,” ते मला म्हणाले, “आता कोन्या तोंडानं सांगू?”

मामी आपल्या टाक्यांच्या व्रणावर हात धरून उठली, त्यांच्या पोटाकडे वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा वऱ्हाडीत बोलली, “राहू द्या बाप्पा मले.”

“राऊ,” मामांनी डोळे मिटूनच दुरुस्त केलं. “‘ह’ नाई लावत आमी.”

ताप औषधानं उतरला, हे मामाच ठासून सांगतात. पेशींची खात्री काही पटलेली नाही. त्यांना गुंगवणाऱ्या गोळ्या मामांना जन्मभर घ्यायच्या आहेत. रोज सकाळी मामी त्या घेऊन येते. मी दाराशी आहे हे मामांना ठाऊक नसतं. ते इकडेतिकडे बघतात, हात पुढे करतात आणि अगदी हळू म्हणतात, “मला दे.”