द्वारकाबाईंनी ऐकलेली बीप

येरवड्यातल्या त्या गल्लीतून जाणाऱ्याला वाटे, बद्रीनाथरावांच्या घरात नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण जुंपलंय. आत बोलणं चाललेलं असे ते चहात साखर किती घालायची एवढंच. नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात उभी हयात प्रेस मशिनवर काढल्याने रावांचे कान पार कामातून गेले होते. स्वतःला ऐकू यावं म्हणून ते ओरडत आणि त्यांना ऐकू जावं म्हणून द्वारकाबाई. बुलडाण्याहून पुण्यात आले तेव्हा दोघंही हळू बोलत, असं त्यांची मुलगी रुपाली ऐकून होती. तिचा त्यावर विश्वास नव्हता.

नव्या जमान्यात कारखाना काही तग धरू शकला नाही. राव घरी बसले आणि त्यांना एक खूळ लागलं. जुने, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर विकत आणायचे आणि चालतात का ते बघायचं. चाललेच तर पुढे काय, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. चालले म्हणून खूश व्हायचं, बस. खराडीच्या काचेच्या इमारतीत नोकरी करणारी रुपाली एकदा म्हणाली, की बाबांच्या सगळ्या डब्यांना मिळून जेवढं कळतं, त्याहून जास्त तिच्या मोबाइलला कळतं. राव म्हणाले, "कळत असेल. पण त्यासाठी कुणी चपला काढत नाही."

ते खरंच होतं. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला वातानुकूलित खोली मिळाली होती. साहेब लोक चपला-बूट बाहेर काढून देवघरात जावं तसे आत जात. तेलकट कपड्यांच्या रावांनी काचेतून डोकावलं, तर शिपायाने त्यांना हटकलं होतं. आता तोच देव जुन्या बाजारात गंजक्या पान्यांशेजारी फतकल मारून बसलेला दिसे, आणि रावांना त्याची दया येई.

दर रविवारी दोघं जोडीने जुन्या बाजारात जात. राव विचारत, चालू आहे का? दुकानदार म्हणे, चालू असता तर इथे कशाला आला असता. मग दोघं मिळून तो डबा रिक्षात घालत.

घरी परीक्षा व्हायची, आणि तिची रीत ठरलेली होती. वीज आधी एका मोठ्या बल्बमधून सोडायची. बल्ब लखलखून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब बघायचं काम रावांचं. मग वीज सरळ जोडायची आणि कान द्यायचा. एकच बीप वाजली तर प्रकृती उत्तम. पुन्हा पुन्हा वाजली तर दुखणं आहे. वाजलीच नाही तर राम म्हणायचा. कॉम्प्युटरचे पडदे सहसा सोबत मिळत नसत, त्यामुळे सगळी भिस्त त्या बीपवर. आणि ती रावांना ऐकू येत नसे. म्हणून द्वारकाबाई पाटावर बसून कान देत आणि निकाल सांगत. "तू आहेस म्हणून हा छंद आहे," राव एकदा भर बाजारात म्हणाले होते. साऱ्या बाजाराने ते ऐकलं. द्वारकाबाई लाजल्या, पण त्यानंतर त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

गेलं वर्ष मात्र विचित्र गेलं. द्वारकाबाई प्रत्येक डब्याला पास करत, आणि पुढे कुठून पडदा मिळवून जोडला की निम्मे डबे मढ्यासारखे गप्प. राव दोष आपल्या हातांना देत राहिले.

त्या रविवारी त्यांनी नवा डबा आधी उघडून ब्रशने झाडला. आतल्या छोट्या स्पीकरचा कागद फाटला होता, तो चिकटवून खिडकीत वाळत ठेवला. मग नेहमीप्रमाणे बल्ब, मग सरळ वीज.

"एकदाच वाजली," द्वारकाबाई म्हणाल्या. "छान खणखणीत."

राव खुशीत ब्रश ठेवायला वळले आणि स्पीकर त्यांना खिडकीत दिसला. तो जोडायचाच राहिला होता; मग बीप वाजली कुठून?

आधी त्यांना राग आला, वर्षभराच्या फुकट खटपटीचा. मग बायको पाटावर कशी पुढे झुकून, त्यांच्या तोंडाकडे बघत बसली आहे ते त्यांनी पाहिलं, आणि राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी स्पीकर तिच्यापुढे ठेवला.

"कधीपासून?" रावांनी विचारलं.

"गेल्या दिवाळीच्या आधीपासून. तुमचं ऐकू येतं, बारीक आवाज येत नाहीत." पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी आहे म्हणून छंद आहे म्हणाला होतात. मग कसं सांगू? रविवार गेला असता ना."

इतकी वर्षं आपण जिचे कान वापरले, ते कधी गेले हेही आपल्याला कळू नये, याचं रावांना फार वाईट वाटलं. उद्याच दोघंही डॉक्टरकडे जाऊ, म्हणाले. मग त्यांनी डबा बंद करून स्पीकर जोडला, बायकोचं बोट धरून अलगद त्या कागदावर टेकवलं आणि शेजारी आपलं टेकवलं. दुसऱ्या हाताने डब्याचं बटण दाबलं.

दोघांच्या बोटांखाली कागद एकदाच थरथरला.

"आत्ता वाजली," द्वारकाबाई म्हणाल्या.