उलट्या सीटचा ट्रॅक्टर

एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, हे मान्य करणं मला फार जड जातं. चाकणच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. खात्यात एकटीच बाई, त्यामुळे ही सवय लागली असं माझं म्हणणं. नवऱ्याच्या मते ती मी माहेराहून आणली आहे.

मोशीच्या पुढे एका चाचांचं भंगाराचं गोदाम आहे. जुनी मोटर शोधायला तिथे गेले होते, तेव्हा मागच्या अंगाला तो ट्रॅक्टर दिसला. सीट आणि स्टिअरिंग उलटं फिरवलेलं, आणि मागच्या मोठ्या चाकांकडे दोन उभे खांब, त्यांवर वर-खाली होणारा फोर्क. म्हणजे ट्रॅक्टर मागे तोंड करून चालवायचा आणि त्यानंच फोर्कलिफ्टसारखा माल उचलायचा. कंपनीची पाटी गायब, अंगावर पिवळ्या रंगाचे थरावर थर. मी बघतच राहिले.

"शनिवारपर्यंत बघून घ्या मॅडम," चाचा म्हणाले. "शनिवारी गॅस लावून कापायचाय."

घरी आल्यावर सगळ्यांना फोटो दाखवले. माझे सासरे, म्हणजे आबा, पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि शांतपणे म्हणाले, "ह्यो फोर्क म्या बनिवला हाय."

सगळे हसले. सासूबाई सगळ्यांत जोरात. कारण ही गोष्ट आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकलेली आहे: कंपनी फोर्कलिफ्ट घेईना, म्हणून आबांनी ट्रॅक्टरच उलटा केला. दर वेळी सासूबाई म्हणणार, "विमान तेवढं बनवायचं ऱ्हायलं." मग आबा चिडून गोष्ट परत पहिल्यापासून सांगणार आणि शेवटी तोंड पाडून ओट्यावर जाऊन बसणार. त्या दिवशीही तेच झालं. हसणाऱ्यांत मीही होते, हे सांगायला हवं.

पुढचे तीन दिवस ड्युटीवरून आल्यावर मी त्या ट्रॅक्टरच्या मागे हात धुऊन लागले. जुन्या ट्रॅक्टरांच्या वेड्यांचा एक ग्रुप सापडला, तिथे फोटो टाकले. परदेशातल्या एका गृहस्थांनी लगेच कळवलं, की असे उलट्या सीटचे फोर्कलिफ्ट तिकडे थोडेसेच बनले, हा कदाचित त्यांतला असेल. त्यातला 'कदाचित' मी परस्पर गाळून टाकला आणि जेवताना जाहीर केलं, "आबा, हा अख्खाच्या अख्खा परदेशातून आलाय. दुर्मिळ आहे."

"ट्रॅक्टर आला आसंल. फोर्क न्हाई."

"पुरावा काय?"

"डाव्या खांबाला, आतल्या अंगाला, माझा कामगार टोकन नंबर पंच केलाय. चार सात एक नऊ."

"मग हे इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलं व्हतं?"

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी सकाळी आबांना स्कूटरवर मागे बसवून गोदाम गाठलं. गॅसचा सिलिंडर ट्रॅक्टरशेजारी आणून ठेवलेला होता. आबा कुणाशी न बोलता डाव्या खांबापाशी गेले आणि त्यांनी आत हात घातला. तिथे नुसता रंगाचा जाड गोळा होता. काल रात्रीपर्यंत मला जिंकायचं होतं, आता मनापासून हरायचं होतं.

आबांनी डिझेल, चिंधी आणि पत्र्याचा तुकडा मागून घेतला. पिवळा रंग निघाला. खाली लाल लगदा लागला, तेलकट, दगडासारखा घट्ट.

"हे तर कुंकू आहे," वाकून बघत चाचा म्हणाले.

दसऱ्याला कारखान्यात मशिनची पूजा होते. दर वर्षी त्याच जागी हळदकुंकू लागलं होतं, त्यावर तेल आणि ग्रीस बसलं होतं आणि पुढे कुणीतरी वरून रंग मारला होता. बाकी खांब गंजून गेला होता. कुंकवाखाली लोखंड चकचकीत, आणि त्यावर आकडे: ४७१९.

मी चक्क टाळ्या वाजवल्या. आबांनी आकड्यांवरून अंगठा फिरवला. "चार जरा वाकडा पडलाय," ते म्हणाले. चाचांनी सिलिंडर आत न्यायला लावला, चहा मागवला आणि ट्रॅक्टर न कापता गोदामाच्या दाराशी उभा करायचं ठरवून टाकलं. बनवणाऱ्याला मालाशेजारी बसून चहा पिताना त्यांनी म्हणे पहिल्यांदाच पाहिलं. आबांनी त्या दिवशी दोन कप घेतले.

घरी येऊन मी सगळ्यांसमोर फोटो नाचवला. सासूबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"मला ठाऊक हाय. दसऱ्याला घरच्यांना कंपनीत बोलवायचे. त्या नंबरावर कुंकू दर साली म्याच लावायची."

मी मोबाइल खाली ठेवला. "मग आई, इतकी वर्षं हसत का होतात?"

"गुमान ऐकलं की ह्ये एकदाच सांगून मोकळे व्हायचे," त्या म्हणाल्या. "हसलं की परत पहिल्यापासून सांगायचे. मला ऐकाया आवडायचं."

आबा त्यांच्याशेजारी खाली बसले आणि ताटातला एक गड्डा उचलून लसूण सोलायला लागले.